हरिश्चंद्रगड, एक सॅक आणि इंद्रवज्र

प्रवासास निघतांना बरोबर काय न्यावें, याची चर्चा आपल्या घरांतून आठ आठ दिवस चालते. पण तें कशांत न्यावें आणि कोणत्या क्रमानें भरावें, याचा विचार बहुधा निघण्याच्या आदल्या रात्रीं, निजानीज होण्याच्या सुमारास होतो. मीहि त्याच पंथांतला. छायाचित्रें काढण्याचा नाद मला कॉलेजांत असल्यापासूनचा. कॅमेरा कोणता घ्यावा, लेन्स कोणती घ्यावी, यासाठीं मीं महिनेच्या महिने खर्चीं घातले. आणि ज्या पिशवींतून हें सारें सामान डोंगरावर न्यावयाचें, ती पिशवी मात्र दुकानांत उभ्याउभ्या पांच मिनिटांत पसंत केली. त्या पांच मिनिटांची किंमत मला पुढें काय पडली, तें सांगण्यासाठींच हा लेख लिहीत आहें.

गोष्ट २०१६ सालच्या भाद्रपदांतील. माझे वडील, ज्यांना आम्ही सर्व अण्णा म्हणतों, तेव्हां अडुसष्ट वर्षांचे होते. त्यांचा सारा जन्म शाळेंत भूगोल शिकविण्यांत गेला. ढग, दंव, धुकें हा धडा आला कीं अण्णा पुस्तक मिटून ठेवीत आणि मुलांना हरिश्चंद्रगडाच्या कोंकणकड्याची हकीकत सांगत. सकाळीं पाठीशीं ऊन असावें, समोरची दरी धुक्यानें भरलेली असावी. मग त्या धुक्यावर आपली सांवली पडते आणि सांवलीच्या मस्तकाभोंवतीं सप्तरंगी वर्तुळ उमटतें. यालाच इंद्रवज्र म्हणतात. कर्नल साइक्स या इंग्रज अधिकाऱ्यानें याच गडावरून पाहिलेल्या अशा वर्तुळाकार इंद्रधनुष्याचें वर्णन लंडनच्या रॉयल सोसायटीच्या १८३५ सालच्या ग्रंथांत आलेलें आहे. अण्णा हें सारें तोंडपाठ सांगत. परंतु तीन वेळां गड चढूनहि त्यांना स्वतःला तें दर्शन कधीं घडलें नव्हतें. त्या वर्षीं त्यांचे गुडघे कुरकुर करूं लागले, तेव्हां एके दिवशीं जेवतां जेवतां ते म्हणाले, “अरे, एकदां शेवटचा प्रयत्न करून पाहूं या का?” मीं तत्काळ होकार दिला आणि दुसऱ्याच दिवशीं पुण्यांतील एका दुकानांत जाऊन नवी सॅक घेऊन आलों.

सॅक दिसावयास मोठी देखणी होती. बाहेरून मोजले तर नऊ कप्पे. दुकानदार एकेक चेन उघडून दाखवी आणि मी मान डोलवी. ती रिकामी असतांना मीं एकदां खांद्यावर अडकवून आरशांत पाहिली, आणि परीक्षा झाली. रात्रीं सामान भरलें. कॅमेऱ्याचा कप्पा तळाशीं होता, त्यांत कॅमेरा व तीन लेन्सेस गेल्या. वर कपडे, पांघरूण, पाणी, आणि घरून दिलेल्या तिखटमिठाच्या पुऱ्यांचा डबा. ट्रायपॉड एका बाजूस बांधला. काट्यावर पाहिलें तों एकूण भार चौदा किलो! माझें स्वतःचें वजन चौसष्ट. आपल्या वजनाच्या एकपंचमांशापेक्षां अधिक ओझें डोंगरावर वाहूं नये, असा साधारण ठोकताळा आहे. तो मीं त्या रात्रीं वाचला होता आणि त्याच रात्रीं मोडलाहि.

हरिश्चंद्रगड हा अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर जिल्ह्यांतील अकोले तालुक्यांत, समुद्रसपाटीपासून १४२४ मीटर उंचीवर आहे. गडावर जाण्याच्या वाटा अनेक. खिरेश्वराकडून टोलार खिंडींतून येणारी वाट लांब पल्ल्याची. कोंकणांतून नळीनें चढणारी वाट कसलेल्या गिर्यारोहकांची. आणि पाचनई गांवाकडील वाट त्या मानानें सोपी. पुण्याहून आळेफाटा व कोतूळ यांवरून आम्ही पाचनईस पोंचलों. श्रावण नुकताच सरलेला, ओढे खळाळत होते, पठारावर सोनकीचा पिवळा सडा पडूं लागला होता. अण्णा हातांत काठी घेऊन शांतपणें चालत होते. धापा मी टाकीत होतों.

पहिल्या अर्ध्या तासांतच सॅकेनें आपले गुण दाखविले. तिची पाठ माझ्या पाठीच्या मानानें आंखूड होती. त्यामुळें कमरेचा पट्टा कमरेच्या हाडावर न बसतां पोटावर येई आणि सारें वजन खांद्यांवर लोंबे. ट्रायपॉड एकाच बाजूस असल्यामुळें शरीर त्या बाजूस झुके. चढावर प्रत्येक पावलाबरोबर कोणी मागें ओढीत आहे असें वाटे. आमच्याबरोबर गांवांतला एक तरुण पिठाचें पोतें घेऊन गडावर चालला होता. माझी तारांबळ पाहून तो हंसून म्हणाला, “दादा, जड सामान पाठीला चिकटून पायजे. न्हाईतर डोंगर मागं वढतो.” ओझें वाहण्याचें शास्त्र त्यानें एका वाक्यांत सांगितलें होतें, पण तें ऐकून घेण्याइतका दम त्या वेळीं माझ्यांत नव्हता.

वर पोंचल्यावर हरिश्चंद्रेश्वराचें कोरीव देऊळ पाहून अण्णांनीं हात जोडले. जवळच केदारेश्वराची गुहा आहे. आंत थंडगार पाण्यांत मोठें शिवलिंग उभें असून त्याभोंवतींच्या चार खांबांपैकीं एकच अखंड राहिला आहे. गुहेंत उजेड बेताचा. तेथें ट्रायपॉडावांचून चित्र निघणें कठीण. परंतु तो इतक्या गांठी मारून बांधलेला होता कीं, सोडीपर्यंत संध्याकाळ झाली. रात्र आम्हीं देवळामागील एका गुहेंत काढली. (हा सर्व प्रदेश आतां अभयारण्याच्या हद्दींत मोडतो, म्हणून मुक्कामाचे चालू नियम पाहूनच वाचकांनीं बेत करावा.)

दुसऱ्या दिवशीं पहांटेस एक सर येऊन गेली. ओल लागूं नये म्हणून मीं कॅमेरा तळच्या कप्प्यांत बंद करून, वर कपडे कोंबून, त्यावर पावसाचें आवरण चढविलें. सात वाजतां आम्ही कोंकणकड्याच्या कांठीं आलों. या कड्याचें रूप पाहिल्यावांचून कळावयाचें नाहीं. नागाच्या फणीप्रमाणें आंत वळलेली ती प्रचंड भिंत, खालीं कोंकण, आणि दरींतून वर येणारा वारा इतका जोरकस कीं, कड्यावरून टाकलेली हलकी वस्तु परत वर फेंकली जाते. दरी पांढऱ्या धुक्यानें कांठोकांठ भरलेली होती. आम्ही अर्धा तास बसलों. मग एकाएकीं मागचे ढग फाटले, पाठीवर ऊन पडलें आणि अण्णा ओरडले, “अरे, बघ! बघ!”

मीं मात्र प्रथम सॅक उतरविली. आवरणाची दोरी अडकली होती; ती ओढतांच तें आवरण वाऱ्यानें कड्याबाहेर नेलें आणि क्षणांत आमच्या डोक्यांवरून मागें भिरकावून दिलें. चेन उघडली, कपडे बाहेर काढले, कॅमेरा हातीं आला तों त्यावर दूरची लेन्स चढविलेली. हवी होती ती रुंद टापूची. ती दुसऱ्या खोक्यांत, खोकें आणखी खालीं. गुडघे टेकून, खालीं मान घालून मी सॅकेंत हात घालीत होतों आणि अण्णा वर कांहींतरी बोलत होते. घड्याळानें दोनच मिनिटें गेलीं असतील. लेन्स बसवून मीं वर पाहिलें, तेव्हां धुकें कड्यावर चढून आलें होतें आणि चहूंकडे नुसतें पांढरें होतें.

अण्णांचा चेहरा ओला झाला होता. तो धुक्यानें कीं कशानें, तें मी सांगूं शकत नाहीं. ते म्हणाले, “पाहिलेंस ना?”

मीं म्हटलें, “हो, पाहिलें.”

त्यांचा तो आनंद उणा करण्याचें धैर्य मला झालें नाहीं. गड उतरतांना मी पुढें चालत होतों, कारण त्यांच्याकडे पाहवत नव्हतें.

घरीं आल्यावर रागानें ती ओलसर सॅक मीं तशीच माळ्यावर टाकली. दिवाळीच्या साफसफाईंत ती खालीं काढली, तेव्हां एका लेन्सच्या आंत कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी चढलेली दिसली. पहिल्या नोकरीच्या वेळीं अण्णांनींच ती मला घेऊन दिली होती. दुरुस्त करणारानें सांगितलें कीं, बुरशीनें कांचेवरील लेप खाल्ला आहे. साफ होईल, पण डाग राहील. म्हणजे एका सॅकेनें मला दोन गोष्टींस मुकविलें, आणि दोष तिचा नव्हता, माझा होता.

त्याच सुमारास एके सकाळीं आई देवघरांत पूजेची तयारी करीत होती. ताम्हन समोर, पळी-पंचपात्र उजव्या हातास, गंध उगाळून ठेवलेलें, फुलें परडींत, तुळस वेगळी, निरांजनांत वात घातलेली आणि काडेपेटी त्याच्याच शेजारीं. मी पाहत उभा होतों. आई म्हणाली, “पूजेला बसलेल्या माणसाला मध्येच उठावं लागलं, तर ती तयारी करणाऱ्याची चूक.” ती हें सहज बोलली, पण मला तें चांगलेंच लागलें. कड्यावर मी ऐन वेळीं ‘उठलों’ होतों! त्या दिवशीं मीं सामान जमिनीवर मांडलें आणि ‘प्रथम काय लागेल’ या एकाच प्रश्नानें त्याची फेरमांडणी केली. पुढील कांहीं महिन्यांत दुकानें हिंडून, अनुभवी मित्रांस विचारून जें शिकलों, तें वाचकांच्या उपयोगीं पडेल म्हणून येथें देतों.

पहिली गोष्ट, सॅक पाठीवर मापून घ्यावी, रंगावर नव्हे. मान खालीं वांकविली असतां मानेच्या मुळाशीं जो मणका उंच लागतो, तेथून कमरेच्या दोन्ही हाडांवर हात ठेवले असतां अंगठे जेथें पाठीवर येतात त्या रेषेपर्यंतचें अंतर, ही आपल्या पाठीची लांबी. सॅकेची पाठ या मापास जुळली पाहिजे. मग कमरेचा पट्टा बरोबर हाडावर बसतो आणि भाराचा मोठा वांटा कंबर उचलते. खांद्यांनीं सॅक केवळ सांवरून धरावयाची असते. दुकानांत रिकामी सॅक घालून पाहणें व्यर्थ आहे. तींत आठ-दहा किलो वजन भरावें, पाव तास हिंडावें, जमल्यास जिना चढावा. दुकानदार जरा नाराज होईल, होऊं द्यावा.

दुसरी गोष्ट त्या पाचनईच्या तरुणाची. सर्वांत जड वस्तु, म्हणजे मोठी लेन्स व कॅमेरा, पाठीलगत आणि पाठीच्या मध्याच्या उंचीस असावी. हलके कपडे तळाशीं व बाहेरच्या बाजूस. आपल्या जुन्या वाटसरूंची पडशी आठवावी. खांद्याच्या पुढें एक थैली, मागें एक, आणि दोन्हींचा भार समसमान. ट्रायपॉड एका बाजूस असेल, तर दुसऱ्या बाजूस पाण्याची बाटली पाहिजे.

तिसरी गोष्ट दाराची. वरून उघडणारी सॅक म्हणजे विहीर. हवी ती वस्तु नेहमीं तळाशींच सांपडते. पाठीच्या बाजूनें सबंध उघडणारी सॅक छायाचित्रकारास सोयीची. पट्टे वर ठेवून ती जमिनीवर निजविली, तर पाठीस चिखल लागत नाहीं, आणि गर्दींत मागून कोणी चेन उघडूंहि शकत नाहीं. शिवाय बाजूस एक लहान दार असावें, म्हणजे सॅक न उतरवितां, एका खांद्यावरून पुढें ओढून, कॅमेरा काढतां येतो. आंतील मऊ पडदे काढतां-घालतां येण्याजोगे असावेत. मिसळणाच्या डब्यांत जशी मोहरीची वाटी कोठें आणि हळदीची कोठें, हें गृहिणीस अंधारांतहि कळतें, तशी प्रत्येक वस्तूची जागा एकदां ठरली कीं पुन्हां बदलूं नये. कॅमेरा नेहमीं लेन्स लावूनच ठेवावा, आणि ती लेन्स त्या दिवशीं प्रथम लागणारी असावी. भरलेल्या बॅटऱ्या उजव्या कप्प्यांत, संपलेल्या डाव्या.

चवथी गोष्ट पाण्याची. सॅक ‘पाणी लागणार नाहीं’ असें सांगून विकली, तरी सह्याद्रीच्या पावसास ती पुरत नाहीं. शिवणींतून व चेनींतून पाणी शिरतेंच. वरील आवरण सॅकेस दोरीनें बांधलेलें असावें, हें मी कड्यावर शिकलों. आंतहि एक साधी प्लॅस्टिकची पिशवी असूं द्यावी. कॅमेरा वातानुकूलित गाडींतून दमट हवेंत एकदम उघडूं नये. थंड कांचेवर तत्काळ दंव जमतें. अर्धा तास तो बंद सॅकेंतच राहूं द्यावा. आणि घरीं परतल्यावर सॅक कधींहि सामानासह ठेवूं नये. ती रिकामी करून वाळवावी. लेन्स घट्ट झांकणाच्या डब्यांत सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवाव्यात. बुरशी दमट व अंधाऱ्या जागीं वाढते. आपल्याकडील चार महिने तिचेच असतात.

विमानानें जाणारांनीं आणखी दोन गोष्टी लक्षांत ठेवाव्या. देशांतील प्रवासांत हातांतील सामानास बहुधा सात किलोंची मर्यादा असते. तेव्हां रिकामीच तीन किलो भरणारी सॅक काय कामाची? दुसरें, सुट्या लिथियम बॅटऱ्या विमानाच्या पोटांत जाणाऱ्या सामानांत चालत नाहींत. त्या तोंडें झांकून जवळच बाळगाव्या लागतात.

हें सर्व जुळवितांना शेवटीं एक गोष्ट कळली. उत्तम सॅक ती, जींत कमी मावतें. छायाचित्रणाच्या आरंभीच्या काळीं सॅम्युएल बोर्न १८६० नंतरच्या दशकांत हिमालयांत गेला, तेव्हां कांचेच्या तावदानांसाठीं व रसायनांसाठीं त्याला डझनावारी हमाल लागत. १९०९ सालीं इटलीचा व्हितोरियो सेल्ला के-टू शिखराच्या मोहिमेवर गेला, तेव्हांहि छायाचित्रकाराचें सामान म्हणजे जड कॅमेरे आणि कांचा. त्यांना निवड नव्हती. आज तळहाताएवढ्या यंत्रांत हजारों चित्रें मावतात, आणि तरीहि आपण चौदा किलो वाहतों. कारण काय पाहावयाचें आहे, हें आपण घरून ठरवून निघत नाहीं. मीं तीनांपैकीं एक लेन्स वगळली. तीच ती दूरची. सारा भार आठ किलोंवर आला.

२०१९ सालीं पुन्हां भाद्रपदांत मी गड चढलों. अण्णांचे गुडघे आतां जिनाहि मानीत नव्हते. बरोबर माझी अकरा वर्षांची मुलगी होती. निघतांना अण्णांनीं सॅक हातांत उचलून पाहिली, आणि “या खेपेस बरी आहे” एवढेंच म्हणाले. त्या पहांटेस पाऊस नव्हता. आठाच्या सुमारास ऊन पाठीवर आलें, धुकें दरींत थांबलें, आणि समोर तें उमटलें. कॅमेरा बाजूच्या दारांतून हातांत येण्यास आठ-दहा सेकंदें लागलीं असतील. मीं एक चित्र घेतलें. इतक्यांत मुलगी ओरडली, “बाबा, रंगांचं वर्तुळ माझ्या डोक्याभोवती आहे!” मला तर तें माझ्याच मस्तकाभोंवतीं दिसत होतें. इंद्रवज्राचा हा धर्मच आहे. सूर्य, पाहणाराचा डोळा आणि त्या डोळ्याची सांवली हीं एका रेषेंत येतात. म्हणून वर्तुळ प्रत्येकास आपल्याच सांवलीच्या मस्तकाभोंवतीं दिसतें. कॅमेऱ्यासहि तें कॅमेऱ्याच्याच सांवलीभोंवतीं दिसतें. दुसऱ्याचें वलय कोणास टिपतां येत नाहीं.

हें मला पुस्तकांतून ठाऊक होतें. त्या क्षणीं तें उमगलें. त्या दिवशीं मी कितीहि त्वरा केली असती, तरी अण्णांचें इंद्रवज्र माझ्या कॅमेऱ्यांत येणें नव्हतें. येण्यासारखा होता तो केवळ त्यांचा चेहरा. मीं कड्याकडे पाठ केली आणि मुलीच्या चेहऱ्याचें दुसरें चित्र घेतलें. मग कॅमेरा सॅकेंत ठेवून चेन लावली आणि धुकें विरेपर्यंत दोघें पाहत बसलों.

घरीं आल्यावर दोन्ही चित्रें अण्णांना दाखविलीं. वर्तुळाचें त्यांनीं एकदां पाहून बाजूस ठेवलें. नातीचें मात्र चष्मा पुसून पुष्कळ वेळ पाहिलें. मीं धीर करून म्हटलें, “अण्णा, त्या वर्षीं मीं तें पाहिलें नव्हतें. तुम्हांला खोटें सांगितलें.”

ते म्हणाले, “ठाऊक आहे मला. तुझें डोकें सॅकेंत होतें.” मग थोडें थांबून हंसले. “मीहि तुला हांक मारून पुन्हां तिकडेच पाहत राहिलों. तुझा हात धरून उठवावयास हवा होता.”

ती सॅक आतां पावसाळा संपला कीं अण्णा स्वतः उन्हांत ठेवतात, आणि सिलिका जेलच्या पुड्या तेच बदलतात. बाजूच्या दाराची चेन सहज सरकते कीं नाहीं, तें रोज एकदां उघडून पाहतात.